परदेशी सहल आणि सिगारेट-तंबाखू: पुण्याहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गेली चौदा वर्षं मी पुण्यातून परदेशी सहली घेऊन जाते. निघण्याच्या पंधरा दिवस आधी कोथरूडमधल्या एका हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र बोलावते. व्हिसा, थंडीचे कपडे, जेवणातला कांदा-लसूण हे प्रश्न भर सभेत येतात. सिगारेट-तंबाखूचे प्रश्न मात्र खुर्च्या आवरत असताना, मला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारले जातात. ओढणारे विचारतात तसेच धुराचा त्रास होणारेही विचारतात. दोघांनाही मोकळेपणाने वाचता यावं म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. कायदे आणि आकडे बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात त्या त्या देशाच्या कस्टम्सच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

मी दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढतो. परदेशात अडचण येईल का?

कुठे जाताय यावर आहे. पण सगळ्यात आधी आपली इथली सवय नीट बघा. बहुतेकांची सिगारेट चहाला बांधलेली असते. ऑफिसातून खाली उतरायचं, टपरीवर कटिंग घ्यायचा, "एक सुट्टी दे" म्हणायचं आणि तिथेच रस्त्याकडेला उभं राहून पेटवायची. खरं तर सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, आणि सार्वजनिक ठिकाणी ओढल्यास 200 रुपयांपर्यंत दंड 2008 पासून आहे. तरी रस्त्यावर सहसा कुणी हटकत नाही, त्यामुळे "कुठे ओढू?" हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. परदेशात पहिल्या दिवसापासून तो पडतो. युरोपात सुटी सिगारेट मिळत नाही, वीसचं पाकीटच घ्यावं लागतं आणि किंमत ऐकून बरेच जण परत फिरतात. सहलीचा दिवस बसमध्ये, म्युझियममध्ये, रांगेत जातो. दर दीड तासाने तलफ येणाऱ्या माणसाला हे जड जातं, आणि बस थांबली की तो आधी कोपरा शोधत पळतो. तेवढ्यात ग्रुप पुढे निघून जातो. म्हणून निघण्याआधी महिनाभर दोन सिगारेटींमधलं अंतर वाढवत न्या. तीन-साडेतीन तास निघायला लागले, तर सहलीत तुमचे आणि घरच्यांचे हाल होणार नाहीत.

जपानमध्ये रस्त्यावर ओढायला बंदी आणि काही बारमध्ये मात्र परवानगी, असं उलटं कसं?

आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की आत चालत नाही, बाहेर चालतं. जपानमध्ये बंदीची सुरुवात फुटपाथवरून झाली. टोकियोच्या चियोदा वॉर्डाने 2002 साली ठरलेल्या रस्त्यांवर ओढणाऱ्याला दंड सुरू केला, तो 2,000 येन. गर्दीत हात खाली सोडून चालणाऱ्या माणसाच्या बोटातली जळती सिगारेट लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते, ही त्यामागची मोठी काळजी. मग गावोगावी असे नियम झाले. क्योटोत ठरावीक भागांत 1,000 येन दंड आहे. ओसाकाने 27 जानेवारी 2025 पासून सबंध शहरातच रस्त्यावर ओढणं बंद केलं.

आतल्या जागांसाठी देशभराचा कायदा त्यानंतर आला. तो 1 एप्रिल 2020 पासून पूर्ण लागू झाला आणि हॉटेलं, रेस्टॉरंटं मोठ्या प्रमाणावर धूरमुक्त झाली. जुन्या, छोट्या जागांना मात्र सवलत मिळाली. दारावर तसा फलक लावायचा आणि आत ओढू द्यायचं. अशा जागेत वीस वर्षांखालच्या कुणालाही प्रवेश नाही. नुसतं जेवायला, आई-बाबांबरोबर आलं तरी नाही. नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांनी दाराशी हा फलक आधी बघावा, नाहीतर आत जाऊन परत बाहेर यावं लागतं आणि पोरं भुकेने कावलेली असतात.

दोन शब्द पाठ करा: 'किन्एन' म्हणजे धूम्रपान मनाई, 'कित्सुएन' म्हणजे धूम्रपानाची सोय. हॉटेलची खोली घेताना हेच दोन शब्द उपयोगी पडतात, कारण तिथे अजूनही धूम्रपानाच्या खोल्या मिळतात आणि चुकून तशी खोली पदरी पडली तर पडद्यांपासून उशीपर्यंत वास असतो. टोकियो-ओसाका शिन्कानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, पूर्वी धूम्रपानाच्या छोट्या खोल्या होत्या. मार्च 2024 मध्ये त्याही बंद झाल्या. म्हणजे अडीच तास काहीच नाही.

ओसाकात आमच्यातल्या एका काकांनी दुकानाबाहेर सिगारेट पेटवली. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, किंचित वाकले आणि हाताचा तळवा उघडा धरून कोपऱ्यावरची धूम्रपानाची जागा दाखवली. काकांना कळेना, तर ते स्वतः चालत तिथपर्यंत सोडायला आले. काकांनी पुढचे आठ दिवस रस्त्यावर सिगारेट काढली नाही. तिथे खिशात ठेवायची छोटी झाकणाची राखदाणी मिळते, ती त्यांनी विकत घेतली आणि पुण्यातही ती वापरतात.

सिंगापूरला तंबाखूची पुडी नेली तर चालेल का?

नाही. खायची तंबाखू, गुटखा, खैनी, जर्दा काहीच नाही. सिंगापूरमध्ये हे आणायलाच मनाई आहे, थोडं असो की जास्त. च्युइंग गमवर 1992 पासून बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तंबाखूचं मात्र फार कमी जणांना. आमच्या एका सहलीत एका आजोबांच्या कमरेच्या बटव्यात मळायची तंबाखू आणि चुन्याची डबी सापडली. पन्नास वर्षांची सवय. त्यांना ती वस्तू लपवायची आहे असं कधी वाटलंच नव्हतं. पुडी गेली, दोन तास चौकशीत गेले, आणि आजोबा शरमेने दिवसभर जेवले नाहीत. त्या दिवशी मीच आधी नीट विचारायला हवं होतं. तेव्हापासून सिंगापूरच्या प्रत्येक सहलीआधी मी प्रत्येकाला, बायकांनाही, स्पष्ट विचारते.

सिगारेटींवर तिथे करमाफी शून्य आहे. एक फोडलेलं पाकीट असलं तरी रेड चॅनेलला, म्हणजे कर लागणाऱ्या वस्तू जाहीर करायच्या कस्टम्सच्या रांगेत, जाऊन सांगायचं आणि कर भरायचा. ओढायचं वय 21. इमारतीच्या दारापासून आणि बसस्टॉपपासून 5 मीटरच्या आत ओढता येत नाही. ऑर्चर्ड रोडच्या सबंध परिसरात 2019 पासून फक्त आखून दिलेल्या जागांतच परवानगी आहे.

बरोबर किती सिगारेटी नेता येतात?

थायलंड, जपान, ब्रिटन, आणि विमानाने गेलात तर युरोपीय संघातले देश इथे साधारण 200, म्हणजे वीसची दहा पाकिटं. ऑस्ट्रेलियात फक्त 25 आणि एक फोडलेलं पाकीट. हाँगकाँगमध्ये 19, म्हणजे एक भरलेलं पाकीटसुद्धा नाही. सिंगापूरचं वर सांगितलंच.

बँकॉकला एक चूक वारंवार होते. तिघा मित्रांच्या सिगारेटी ड्यूटी-फ्रीमधून एकत्र घेतात आणि एकाच्याच पिशवीत ठेवतात. अधिकारी पिशवी बघतो, त्याला एका माणसाकडे 600 दिसतात आणि दंड मोठा असतो. ज्याची त्याच्या हातात द्या.

माझ्या मुलाकडे व्हेप (ई-सिगारेट) आहे. सिगारेटइतका त्रास नाही म्हणतो. नेऊ दे का?

कृपा करून नेऊ देऊ नका. हा प्रश्न आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते, कारण यात दंडावर सुटका होईलच असं नाही. भारतात ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण या सगळ्यावर 2019 पासून बंदी आहे. थायलंडमध्ये व्हेप आणल्याबद्दल 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बँकॉकच्या रस्त्यावर ती उघड विकताना दिसते, त्यावर भुलायचं नाही. सिंगापूरमध्ये 2018 पासून नुसती जवळ असणं हाही गुन्हा आहे आणि सप्टेंबर 2025 पासून कारवाई आणखी कडक झाली आहे. व्हिएतनामने 2025 च्या सुरुवातीपासून बंदी आणली.

मालदीवला हनीमूनला जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. तिथे व्हेप आणता येत नाही. आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून, ज्यांचा जन्म 1 जानेवारी 2007 किंवा त्यानंतरचा आहे त्यांना तिथे तंबाखू विकत घेणं, वापरणं कायमचं बंद आहे. हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. कॉलेजातल्या मुलांना घेऊन जाणाऱ्या आई-बाबांनी हे घरी बोलून घ्यावं.

लंडन-दुबईत व्हेप दुकानात मिळते म्हणून कुणासाठी भेट म्हणून आणूही नका. भारतात आणणं हाच गुन्हा आहे.

लायटर न्यायचा का?

न्यायचा नाही. आपल्या विमानतळांवर लायटर आणि काडेपेटी दोन्ही काढून घेतात, बॅगेत असो की खिशात. तिथे पोचल्यावर विकत घ्या आणि परतताना तिथेच सोडा. वडिलांची आठवण म्हणून जपलेला जुना लायटर असेल तर तो घरीच ठेवा.

आम्ही कुणीच ओढत नाही. पॅरिसला बाहेरच्या टेबलावर बसलो आणि धुराने जीव घाबरा झाला. काय करायचं?

आत बसा. सोपं वाटतं, पण आपल्याला हे सुचत नाही, कारण पॅरिस म्हटलं की फुटपाथवरच्या गोल टेबलांचंच चित्र डोळ्यांसमोर येतं. फ्रान्समध्ये कॅफे आणि रेस्टॉरंटच्या आत 1 जानेवारी 2008 पासून ओढता येत नाही. त्यामुळे ओढणारे सगळे बाहेर येऊन बसतात आणि नेमकं तेच टेबल आपण हौसेने धरतो. जून 2025 च्या अखेरीपासून तिथे बागा, समुद्रकिनारे, बसथांबे आणि शाळांभोवतीही बंदी आली, 135 युरो दंड आहे. पण कॅफेच्या बाहेरच्या जागा त्यातून वगळल्या आहेत. आत खिडकीजवळचं टेबल मागा; रस्ता तितकाच दिसतो.

इटलीने आतल्या जागा 10 जानेवारी 2005 पासून धूरमुक्त केल्या, पुष्कळ देशांच्या आधी. मिलानमध्ये 2025 पासून उघड्यावरसुद्धा दुसऱ्या माणसापासून 10 मीटर अंतर ठेवूनच ओढता येतं. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसमध्ये पूर्वी धुराने काही दिसत नसे. नोव्हेंबर 2019 पासून आत एकदम स्वच्छ हवा. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे स्टेशनवर 2019 पासून ठरलेल्या चौकोनातच उभं राहून ओढायचं असतं. गाडीची वाट बघताना त्या चौकोनापासून लांबचा बाक धरा.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगायचं असेल तर जरूर सांगा, पण तो जिथे ओढतोय तिथे त्याला परवानगी आहे हे मनात ठेवून सांगा. मांडीवरच्या बाळाकडे बोट दाखवून हात जोडले की बहुतेक जण सिगारेट दुसऱ्या हातात घेतात किंवा विझवतात. एकदा लुझर्नला तळ्याकाठी एक आजी उठून आपलं टेबल आम्हाला देऊन गेल्या. आवाज चढवला की मात्र कुणीच हलत नाही.

दम्याचा त्रास आहे. कुठे जाणं टाळावं?

टाळू नका, तयारीने जा. रोजचा इन्हेलर आणि तातडीचा पंप दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा, औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठीही बरोबर घ्या. इंडोनेशियात पुरुषांमध्ये ओढणारे निम्म्याहून अधिक आहेत. साध्या खानावळीत धूर असतोच. तुर्कस्तानात आत बंदी 2009 पासून आहे, पण बाहेरच्या बैठकांवर धूर दाट असतो. तिथे जेवायला थोडं लवकर जा, रिकाम्या जागेत हवेच्या बाजूचं टेबल मिळतं.

बालीमध्ये सिगारेटीला लवंगेचा वास येतो. ती कमी अपायकारक असते का?

नाही. तिला क्रेतेक म्हणतात. तंबाखूत लवंग मिसळलेली असते आणि ओढताना बारीक तडतड आवाज होतो, त्या आवाजावरूनच हे नाव पडलं. मध्य जावामधलं कुदुस हे गाव या धंद्याचं माहेर मानतात. आपल्याकडे लवंग म्हणजे खोकल्यावरचं, दातदुखीवरचं औषध, त्यामुळे आमच्या सहलींतल्या बायकांनाही ही सिगारेट औषधी वाटते. पण लवंगेतल्या तेलाने घसा बधिर होतो, आणि बधिर घशाने माणूस धूर जास्त खोल ओढतो. आत जातो तो तंबाखूचाच धूर.

कुणी आपुलकीने सिगारेट पुढे केली तर नाही म्हणणं वाईट दिसेल का?

आपल्याकडे पंगतीत आग्रह होतो ना, तसाच हा आग्रह आहे. चीनमध्ये ओळख झाली की पाकीट पुढे करतात, व्हिएतनाम-इंडोनेशियात ड्रायव्हर करतो. उजवा हात छातीवर ठेवून, हसून, मान हलवायची. हे सगळीकडे कळतं. मग चहा स्वीकारायचा. पाहुणचार घेतला गेला याचंच त्याला समाधान असतं. "आज एकच, त्यांचं मन राखायला" असं म्हणून सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू झालेली माणसं मी डोळ्यांनी बघितली आहेत, म्हणून एवढं सांगते.

दुबईत एकदा शिशा (तिकडचा हुक्का) ओढून बघायचा आहे. पाण्यातून येतो म्हणजे सौम्यच ना?

पाण्याने धूर थंड होतो, त्यातलं विष जात नाही. एका सिगारेटीला साधारण 20 झुरके होतात. तासाभराच्या हुक्क्याच्या बैठकीत 200 च्या आसपास. शिवाय कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि एकच नळी चौघांत फिरते. महाराष्ट्राने 2018 मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आणली. नुसतं तिथलं वातावरण बघायचं असेल तर उघड्या जागेत बसा आणि पुदिन्याचा चहा मागवा.

दुबईचंच आणखी: पान, मावा चालतो का? रमझानमध्ये काय?

पान, मावा, गुटखा काही नेऊ नका, आणि रस्त्यावर थुंकण्याला दंड आहे. (जाता जाता, खसखससुद्धा अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. अनारसे देणाऱ्या मावश्यांनी इकडे लक्ष द्यावं.) रमझानमध्ये दिवसा उघड्यावर ओढू नका. उपवास करणाऱ्यासमोर आपण जेवत नाही, तसंच.

आईला मिश्रीची सवय आहे. ती सहा महिन्यांसाठी अमेरिकेला भावाकडे चालली आहे. कुणाला सांगायलाही लाजते.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण माझी आजी पहाटे चुलीपाशी बसून मिश्री लावायची आणि आम्हाला ती दात घासतेय एवढंच वाटायचं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, म्हणून मिश्री मिळाली नाही की डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. परक्या देशात, सुनेच्या घरी, हा त्रास कशाचा ते कुणालाच कळत नाही. सगळे म्हणतात, आईंना करमत नाहीये.

डबीत भरलेली काळी भुकटी विमानतळावर न्यायची नाही. त्यावर नाव नाही, लेबल नाही. अधिकाऱ्याला ती कशी समजावणार? निघण्याच्या दोन महिने आधी आईला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि "आईला तंबाखूची सवय आहे" हे तुम्हीच सांगा, तिला सांगायला लावू नका. तोंडही तपासून घ्या. पांढरे-लाल चट्टे असतील तर जाण्याआधीच कळायला हवेत. निकोटिनचा पॅच किंवा गोळी तिला चालेल का ते डॉक्टर सांगतील. 1800-11-2356 या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तर तंबाखू सोडायला मदत मिळते आणि पैसे लागत नाहीत. फोन मात्र इथे असतानाच करा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण असतात. ते पुण्यात, तिच्या स्वतःच्या घरात जाऊ द्यात. आणि भावाला आधी कळवा, म्हणजे ती चिडली तर तो समजून घेईल.

न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅममध्ये गांजाचा वास येतो. तिथे चालतं म्हणतात?

तुम्ही लांब राहा. न्यूयॉर्क राज्यात 2021 पासून मोठ्या माणसांना परवानगी आहे, पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा अजूनही बेकायदा आहे आणि व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्रीय कायदा लागतो. पुढचा व्हिसा अडू शकतो. थायलंडनेही 2022 मध्ये सैल केलेले नियम 2025 मध्ये पुन्हा आवळले.

थोटूक कुठे टाकायचं?

राखदाणीत, नाहीतर विझवून आपल्याच डबीत. फिल्टर कापसाचा दिसतो, असतो प्लॅस्टिकचा. पावसाने वाहून नदीत जातो. थायलंडच्या कित्येक प्रसिद्ध किनाऱ्यांवर 2018 पासून धूम्रपानच बंद आहे, त्याचं एक मोठं कारण वाळूतली थोटकं होती. तिथे एक लाख बाथपर्यंत दंड होऊ शकतो.

हॉटेलच्या बाथरूममध्ये, खिडकी उघडून ओढलं तर कळतं का?

कळतं. आणि साफसफाईची मोठी रक्कम कार्डावरून परस्पर कापून घेतात. धूर ओळखणाऱ्या यंत्रावर पायमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधायची कल्पना मनातही आणू नका. रात्री आग लागली तर तेच यंत्र सगळ्या मजल्याला उठवणार असतं. खाली रिसेप्शनवर विचारा, बाहेरची जागा ते दाखवतात. विमानाच्या टॉयलेटचंही तेच. दाराजवळ राखदाणी दिसते ती परवानगी म्हणून नाही. कुणी नियम मोडलाच तर जळतं थोटूक कागदाच्या डब्यात पडू नये म्हणून ती ठेवणं बंधनकारक आहे.

परतताना मित्रांसाठी ड्यूटी-फ्रीमधून सिगारेटी आणू का?

भारतात येताना करमाफी 100 सिगारेटींची आहे, म्हणजे वीसची पाच पाकिटं. त्याहून जास्त असतील तर रेड चॅनेलला जा. मित्रांसाठी म्हणाल, तर व्हिएन्नाहून कॉफी आणा, टोकियोहून माचा (हिरव्या चहाची पूड) आणा. ज्या मित्राने सोडायचा प्रयत्न चालवला आहे त्याच्या हातात तरी पाकीट देऊ नका.